शेपर्डचा श्वास

गेल्या महिन्यात आमचे चिरंजीव (वय वर्षं चाळीस!) सुट्टीत 'मास इफेक्ट ३' हा जुना गेम पुन्हा खेळत होते. मी शेजारी बसून बघत होतो. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण मी शेवट सांगणार आहे.

बायोवेअर कंपनीचा हा गेम मार्च २०१२ मध्ये आला. रीपर नावाची महाकाय यंत्रं आकाशगंगेतल्या प्रगत जमाती संपवायला निघालेली असतात आणि कमांडर शेपर्ड त्यांच्याशी लढतो. शेवटी त्याच्यापुढे तीन वाटा येतात. लाल वाटेने रीपरांचा नाश, निळ्या वाटेने त्यांच्यावर ताबा आणि हिरव्या वाटेने सजीव व यंत्र यांचं मीलन. तिन्ही शेवट जवळपास सारखेच, फक्त प्रकाशाचा रंग वेगळा. खेळणारे चिडले. काही जणांनी तर कंपनीला तीन रंगांचे, पण एकाच चवीचे कपकेक पाठवले!

राग राहू द्या, मला त्यांचे प्रश्न आवडले. लंडनमध्ये शेपर्डबरोबर धावणारे सोबती एकदम यानात कसे पोचले? आधीच्या भागात एक 'मास रिले' फुटला तेव्हा अख्खी सूर्यमाला नष्ट झाली होती, मग इथे सगळेच फुटल्यावर कोण उरलं? आणि लाल वाटेवर, तयारी पुरेशी असेल तर, ढिगाऱ्यात कुणीतरी श्वास घेतं, तो कोणाचा?

यातून एक तर्क निघाला. रीपर जवळच्यांची मनं हळूहळू काबीज करतात, हे गेममध्येच सांगितलंय. तेव्हा शेवटचा सगळा प्रसंग शेपर्डच्या मनातच घडतो, असं लोकांनी मांडलं. पुरावे काढले ते थेट पहिल्या प्रसंगातल्या लहान मुलापासून. त्या मुलाकडे दुसरं कुणी बघताना दिसत नाही म्हणे!

जून २०१२ मध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. सोबती यानात कसे गेले ते दाखवलं, रिले दुरुस्त होतात हेही दाखवलं. मनातल्या प्रसंगाच्या तर्काला मात्र दुजोरा दिला नाही. आणि तो श्वास तसाच ठेवला.

मला वाटतं, हे योग्यच झालं. सुटलेले धागे दोन प्रकारचे असतात. लेखक विसरला म्हणून सुटलेले, ते त्याने बांधून द्यावेत. आणि वाचकासाठी सोडलेले, त्यांना त्याने हात लावू नये.

आणि तर्क चुकला म्हणून तो करणाऱ्यांना हसू नये. एवढं बारकाईने वाचणारे विद्यार्थी मला किती मिळाले? एक मिळाला होता. धड्यातली आई शेवटी परत येते, असं त्याने धड्यातलीच चार वाक्यं देऊन लिहिलं होतं. मी 'धड्यात नाही' असा शेरा मारून शून्य दिलं. त्याने वाद घातला नाही. पुन्हा कधी पाठ्यपुस्तकाबाहेरचं लिहिलंही नाही.

चिरंजीवांना विचारलं, "मग शेपर्ड जिवंत आहे का रे?"

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

असं मी त्या मुलाला विचारायला हवं होतं. असो.