सोनं कर, मग सोडतो

गेल्या आठवड्यात आमच्या गावातली 'वर्षात दुप्पट' वाली स्कीम बुडाली. बातमीसाठी फिरताना दिवसभर एकच वाक्य ऐकलं, "त्यानं फसवलं हो." खरंच आहे. पण मला राहून राहून तीनशे वर्षांपूर्वीचा जर्मनीतला एक पोरगा आठवत होता.

योहान फ्रिडरिश ब्योटगर. बर्लिनमध्ये औषधवाल्याकडे उमेदवारी करायचा. १७०१ साली, वय १९, चार लोकांसमोर त्यानं साध्या नाण्यांचं सोनं करून दाखवलं. हातचलाखीच ती! प्रशियाच्या राजाच्या कानावर गेलं तसा पोरगा घाबरून सॅक्सनीत पळाला. तिथला ऑगस्टस त्याहून गरजू. पोलंडचं सिंहासन, स्वीडनशी युद्ध, दरबाराचा थाट, आणि खजिन्यात खडखडाट. त्यानं पोराला ड्रेस्डेनला अडकवून ठेवलं. सोनं कर, मग सोडतो. १७०३ मध्ये ब्योटगर निसटला, तर धरून परत आणला.

परीस शोधणारे सगळे भोंदू होते, हे मला पटत नाही. धातू जमिनीच्या पोटात हळूहळू पिकतात, शिसं म्हणजे कच्चं सोनं, अशी तेव्हाची समजूत. मग ते भट्टीत लवकर पिकवू म्हणणारा वेडा कसा? न्यूटननं किमयेवर सुमारे १० लाख शब्द लिहून ठेवलेत. इंग्लंडात सोनं बनवण्यावर १४०४ पासून बंदी होती, ती १६८९ ला उठवायला रॉबर्ट बॉइलनं खटपट केली. ही माणसं शोधत होती. ऑगस्टसला शोध नको होता, रक्कम हवी होती. तीही लगेच.

ब्योटगरला वाचवलं चिर्नहाउस नावाच्या गणितज्ञानं. त्यानं त्याला मातीकडे वळवलं. चिनी मातीची पांढरी, नितळ भांडी तेव्हा युरोपात कुणालाच जमत नव्हती. कुठली माती किती, भट्टीत किती तास, सगळं लिहून ठेवत १७०८ ला ती साधली. १७१० ला माइसेनच्या गढीत कारखाना निघाला, तो आजही चालू आहे. ब्योटगर सुटला १७१४ ला. १७१९ ला वारला, वय ३७. आणि ऑगस्टस? घरचा कारखाना असताना १७१७ मध्ये त्यानं ६०० घोडेस्वार प्रशियाला देऊन १५१ चिनी भांडी घेतली. हौस बघा!

स्कीमवाल्याला मी सोडत नाहीये, त्याच्यावर गुन्हा व्हायलाच हवा. पण दिवाळीच्या आधी त्याच्या व्याजाचं गणित मांडून मी बातमी दिली होती. तेव्हा "आमच्या पोटावर पाय कशाला देता?" म्हणून मलाच फोन आले. घाई कुणाची होती, राव?

त्यातलेच एक काका काल पावती घेऊन घरी आले. नाव छापू नका म्हणाले, पोराला अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन आलो.