घर इचलकरंजीत, भत्ता निम्मा

जवान सीमेवर, बायको-मुलं इचलकरंजीत. तिकडे कुटुंब नेता येत नाही, म्हणून ते राहतं त्या गावच्या दराने सरकार घरभाडे भत्ता देतं. इथवर ठीक.

पण गावाचा वर्ग ठरतो लोकसंख्येवर, तीही 2011च्या जनगणनेतल्या. कोल्हापूर आणि सांगली ‘वाय’ वर्गात, जानेवारी 2024पासून दर मूळ वेतनाच्या 20 टक्के. या दोन्हींच्या मधलं इचलकरंजी ‘झेड’ वर्गात, दर 10 टक्के. मूळ वेतन 30 हजार धरलं तर कोल्हापुरात 6 हजार, इथे 3 हजार. 2022 साली महानगरपालिका झाली, तरी यादीत बढती नाही!

नवरा-बायको दोघंही गणवेशात असतील, तर प्रश्न आणखी टोकदार होतो. एकाच ठिकाणी एकाला सरकारी घर मिळालं, की दुसऱ्याचा भत्ता बंद. हे रास्तच. बदलीने दोघं दोन टोकांना गेले, की मात्र चुली दोन, भाडी दोन आणि गावी आई-वडिलांचं घर वेगळंच.

आठवा वेतन आयोग न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली काम करतो आहे. जुन्या जनगणनेऐवजी प्रत्यक्ष भाडं पाहून दर ठरवावेत आणि ताटातूट झालेल्या जोडप्यांचा स्वतंत्र विचार व्हावा, अशी शिफारस त्याने करावी.