बिऱ्हाड पाठीवर, किल्ली मात्र घरी!

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणत आलो. हल्ली ते बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर मावते! ज्यांच्या घरी संगणक नाही, पण कामे मात्र संगणकावाचून अडतात, अशांना पोर्टेबल ब्राउझर ही मोठीच सोय. जॉन हॅलर नावाच्या गृहस्थांनी २००४ साली फायरफॉक्सला असे प्रवासी रूप दिले. संगणकावर काही बसवायला नको. ड्राइव्ह खोचावा, काम करावे आणि उठावे.

पण प्रवासी म्हटला की मुक्कामागणिक तऱ्हा आल्याच. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीत एक कॉलेजकन्या आहे. वडील यंत्रमागावर कामाला. तिच्या ब्राउझरचे मुक्काम तीन: चौकातले इंटरनेटचे दुकान, मामांचे किराणा दुकान आणि आमचे घर. शिष्यवृत्तीच्या अर्जाला चार दिवस उरले आणि स्वारी रुसली. आमच्याकडे निमूट चालायची. चौकात सगळे पासवर्ड विसरायची. मामांकडे तर जे संकेतस्थळ उघडावे ते 'सुरक्षित नाही' म्हणून दार लावून घ्यायचे. नवा पासवर्ड मागवावा, तर ओटीपी येणार वडिलांच्या फोनवर, आणि मागांच्या खडखडाटात तो फोन ऐकू जाणार कुणाला?

"काका, पेन ड्राइव्ह गेला वाटतं. नवा घ्यावा लागतो की काय?" पोरगी रडकुंडीला आलेली. मामांचे निदान, व्हायरस!

अशा दुखण्यात मी एकच पथ्य पाळतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मामांकडे गेलो, ड्राइव्ह काढून बाजूला ठेवला आणि त्यांच्याच संगणकातला ब्राउझर उघडला. त्यानेही तेच रडगाणे सुरू केले. म्हणजे पाहुणा निर्दोष, खोट घरातच! पडद्याच्या कोपऱ्यात पाहतो तो तेथे २०१० साल चाललेले. सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ते ग्राह्य. संगणकाचे पंचांगच मागे पडले, तर ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेले नसते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. वीज गेली की घड्याळ मागे. सेल बदलला, तारीख लावली, दारे उघडली.

चौकातले दुखणे निराळे. तिचा ब्राउझर क्रोमच्या कुळातला. विंडोजवर हे कूळ पासवर्ड कुलपात ठेवते खरे, पण किल्ली त्या संगणकावरच्या वापरकर्त्याच्या खात्याशी जखडलेली. पासवर्ड साठवले होते आमच्या घरी. म्हणून पेटी पोरीबरोबर हिंडत होती आणि किल्ली आमच्याकडे पडून होती! फायरफॉक्स पेटी आणि किल्ली दोन्ही आपल्याच फोल्डरमध्ये बाळगतो. तेव्हा आमच्या संगणकावर तिचे पासवर्ड एका फाइलीत काढले, पोर्टेबल फायरफॉक्समध्ये भरले आणि ती फाइल लगेच कायमची पुसली, कारण तिच्यात सारे उघड्या अक्षरांत असते.

मात्र किल्ली बरोबर हिंडू लागली की चोराचीही सोय होते. ड्राइव्ह हरवला तर सापडणाऱ्याला सगळेच सापडेल. म्हणून फायरफॉक्सला एक मुख्य पासवर्ड लावला. तो फक्त डोक्यात ठेवायचा. आणखी दोन गोष्टी तिला बजावल्या. ब्राउझर बंद केल्यावाचून ड्राइव्ह उपसायचा नाही. अर्धवट लिहिलेल्या नोंदी त्याने बिघडतात. आणि बँकेचे व्यवहार परक्या संगणकावर करायचे नाहीत. ब्राउझर आपला असला तरी कळफलक दुसऱ्याचा. आपण टिपलेले अक्षर न् अक्षर टिपून ठेवणारा एखादा प्रोग्राम त्या संगणकात दडलेला असू शकतो.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. नव्या ड्राइव्हचा खर्च वाचला. सेलचे पैसे मामांनी दिले, जरा कुरकुरतच.

तेव्हा वाचकहो, एकच ब्राउझर तीन घरी तीन तऱ्हा करू लागला, तर त्याला दोष देण्याआधी त्या घरचे घड्याळ पाहावे आणि किल्ली कुठे राहिली ते विचारावे. सेल थोडक्यात मिळतो; चुकलेली शिष्यवृत्ती मिळायला वर्ष जाते.