१० डिसेंबर आणि परभणी



१० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. १९४८ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व माणसे' असे आले ते हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे. छळविरोधी करारही १९८४ च्या १० डिसेंबरलाच मंजूर झाला. आणि २०२४ च्या १० डिसेंबरला परभणीत, स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, तोडफोड, मग दलित वस्त्यांतून धरपकड. पकडलेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात कारण दिले होते, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

त्याची आई विजयाबाई यांनी सरकारने देऊ केलेले १० लाख रुपये नाकारले आणि त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. ४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही तो आदेश टिकला. आईची फिर्याद नुसती लिहून घ्यायची की नाही, एवढे ठरायला साडेसात महिने! कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी असे कायदा म्हणतो. चौकशीत पोलिसांवर ठपका आला तर पुढे कोणी काय करायचे, हे मात्र तो धड सांगत नाही. मथुराचा खटलाही पोलीस ठाण्यातच घडला होता. स्त्री चळवळीला हे दार अनोळखी नाही.

छळविरोधी करारावर भारताने १९९७ च्या ऑक्टोबरात सही केली, पण तो अजून लागू करून घेतलेला नाही. साखरपुडा करून पंचवीसहून अधिक वर्षे लग्न टाळणाऱ्याला आपण गावात काय म्हणतो? २०१० साली लोकसभेत विधेयक मंजूर झाले, ते पुढे बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. याचा फटका सरकारलाही बसतो. पुरुलिया शस्त्र प्रकरणातला किम डेव्ही भारतात छळाची भीती आहे म्हणून डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली आपल्या हवाली केला नाही. आपल्या बाजूने पाहिले तर, विजयाबाईंसारख्या आईला या करारामागच्या समितीकडे दाद मागण्याची वाटच नाही.

'परभणीच्या बाईला जिनिव्हाशी काय देणे-घेणे?' असे मला बैठकांतून विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. जिनिव्हाहून कोणी फौजदाराला निलंबित करणार नाही. पण तिथे ठरावीक वर्षांनी भारताच्या कारभाराचा आढावा होतो, त्यासाठी संघटनांना स्वतःचे निवेदन देता येते, आणि २०१२, २०१७, २०२२ या तिन्ही वेळी इतर देशांनी हा करार लागू करा असे भारताला सांगितले. तिथे पोचते ते फक्त कागदावर असलेलेच. परभणीत बायकांनीही मारहाणीच्या तक्रारी केल्या. त्यांतल्या किती नीट नोंदल्या गेल्या? मोठ्या संस्थांची सत्यशोधन पथके दोन दिवस येतात नि जातात. नोंद ठेवणे हे इथल्याच बायकांचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा गटांनी आतापासून जबाब लिहून घ्यावेत : तारीख, वेळ, कुठे मारले, कशाने, दवाखान्याचा कागद. लिहिलेले तिला वाचून दाखवा. नाव गुप्त हवे असेल तर गुप्त ठेवा. आणि एक प्रत तिच्याच हातात द्या.