विश्लेषण : वस्तऱ्याला धार लावताना दगडाचा गाळ कशासाठी?

जुन्या पद्धतीचा, घडीचा वस्तरा हौसेने वापरणाऱ्यांमध्ये बेल्जियमच्या कोटिक्यूल दगडाला मोठा मान आहे. या दगडावर गाळ काढून धार लावावी की नुसत्या पाण्यावर, हा त्यांच्यातला जुना वाद. खरे तर गाळ हवाच. तो वेळेवर आवरता आला पाहिजे.

गाळ म्हणजे नेमके काय?

सहाणेवर चंदन उगाळावे, तसा ओल्या कोटिक्यूलवर त्याच दगडाचा लहान तुकडा घासला की दुधासारखे दाट पाणी सुटते. हीच ‘स्लरी’. बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हिएलसाल्मच्या परिसरात हा पिवळसर दगड सापडतो. त्याचे वय सुमारे ४८ कोटी वर्षे. अभ्रकाच्या मऊ थरांत गार्नेटचे, म्हणजे गोमेदाच्या कुळातले, काही मायक्रॉन आकाराचे कण ठासून भरलेले असतात. नुसत्या पाण्यावर घासताना हे कण दगडात रुतलेले राहतात आणि त्यांचे जेमतेम टोक पोलादाला लागते. गाळात ते सुटे होऊन लोळतात आणि पोलाद भराभर झिजते. पांढरा गाळ पाहता पाहता करडा होतो, तो यामुळेच.

मग तोटा कुठे?

हेच सुटे कण धारेवर समोरून आदळतात. वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, कण तिच्या कितीतरी पट मोठे. त्यामुळे दाट गाळावर धार एका मर्यादेपलीकडे जात नाही, मग हात कितीही वेळ चालवा. भाजीच्या सुरीला तेवढी धार पुरते. गालावर मात्र आग होते. म्हणून थेंब थेंब पाणी घालून गाळ पातळ करत न्यायचा, शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर मारायचे आणि मग चामड्याचा पट्टा.

चूक बहुधा याआधीच झालेली असते. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार धारेपाशी जुळण्याआधीच गाळ पातळ केला, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. दाट गाळावर असतानाच टोकापासून मुठीपर्यंत प्रत्येक भागाने हातावरची लव कापली जाते का, हे पाहावे. अनेक जण ही तपासणी गाळतात, दगडाला दोष देतात आणि दुसरा महागडा दगड घेतात. झिजतो मात्र वस्तरा. घासताना धारेबरोबर पात्याची पाठही दगडावर टेकलेली असते. झोलिंगेन किंवा शेफिल्डचे जुने पाते अशा प्रयोगांत पाठीकडूनही उगाच कमी होते.

जपानी सल्ला इथे चालेल का?

क्योटो परिसरातल्या दगडांवर नागुरा नावाच्या लहान दगडाने गाळ काढतात. तो घासता घासता आणखी बारीक होतो, असे मानले जाते. गार्नेटचे कण कठीण. ते तसे फुटत नाहीत. तेव्हा ‘गाळ तसाच ठेवून घासत राहा’ हा सल्ला कोटिक्यूलवर उलटतो.

आपल्याकडे बहुतेक सलूनमध्ये आता पाते बदलायचा वस्तरा असतो. धोकटीतला निसणा गेला, त्याबरोबर हे हातचे ज्ञानही आटले. नव्याने शिकणाऱ्याने एवढे करावे : धारेला खाच असेल तर सुरुवात १००० ग्रिटच्या कृत्रिम दगडावर करावी. कोटिक्यूलवर गाळ काढून त्यासाठी तासभर घासत बसण्यात काही अर्थ नाही.