विश्लेषण : वडिलांनंतर आईला परदेशात कायमचे नेता येते का?

तेरावा होतो. मुलाचे परतीचे तिकीट चार दिवसांवर आलेले असते. मृत्यूचा दाखला बँकेत देऊन झालेला असतो, गॅसचे कनेक्शन आईच्या नावावर करायचे राहिलेले असते आणि जेवताना कुणीतरी बोलून जाते, ‘‘आता तू इथे एकटी कशी राहणार? चल आमच्याकडे.’’ आई काहीच बोलत नाही. तिचे गप्प राहणे म्हणजे होकार, असे सगळे धरून चालतात. पुढच्या आठवड्यात न्यू जर्सी, टोरांटो किंवा मेलबर्नमध्ये गूगलवर शोध सुरू होतो : आईसाठी कोणता व्हिसा?

याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कडू आहे. बहुतेक देशांच्या स्थलांतर कायद्यात ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुले. आई त्यात बसत नाही आणि ती विधवा आहे म्हणून रांगेत पुढची जागाही मिळत नाही. गंमत अशी, की भारताचा २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही पालकांच्या देखभालीसाठी जबाबदार धरतो. मात्र तो मुलगा ज्या देशात वर्षानुवर्षे कर भरतो, त्या देशाच्या लेखी त्याची आई पाहुणी असते.

अमेरिकेत सगळे मुलाच्या पासपोर्टवर

एच-१बी व्हिसावर असलेल्या मुलाला बायको आणि २१ वर्षांखालील मुले एच-४ व्हिसावर सोबत नेता येतात. आईला नाही. ग्रीनकार्ड मिळाल्यावर जमेल, असे अनेकांना वाटते, तेही चूक आहे. ग्रीनकार्डधारक फक्त पती-पत्नी आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकतो. आई-वडिलांसाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी आणि तिचे वय किमान २१ हवे.

एकदा नागरिकत्व मिळाले, की रस्ता बराच मोकळा होतो. नागरिकाचे आई-वडील ‘निकटचे नातेवाईक’ या गटात येतात आणि या गटाला वार्षिक मर्यादा नाही. आय-१३० हा अर्ज, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे कागदपत्रे, शेवटी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. आपला प्रश्न त्याआधीचा आहे. नोकरीच्या आधारावरील ग्रीनकार्डसाठी भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांत मोजावी लागते. ग्रीनकार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या इंजिनीअरला हा दरवाजा उघडेल तेव्हा त्याची आई कदाचित पंचाऐंशीची असेल.

आणखी एक बारकावा, जो घरोघरी निसटतो. या गटात प्रत्येक पालकासाठी वेगळा अर्ज लागतो. वडिलांच्या अर्जावर आई ‘सोबत’ जात नाही. नागरिक झालेल्या मुलाने फक्त वडिलांचा अर्ज भरला आणि ते गेले, तर आईची प्रक्रिया पहिल्या पानापासून सुरू होते. दोघे हयात असतानाच दोन अर्ज भरणे अभद्र वाटत असेल, पण तेच शहाणपणाचे आहे.

लग्नात बदललेले नाव आणि अडलेला पुरावा

मराठी घरांत खरी अडचण बहुतेकदा कागदावर निघते. आईसाठी अर्ज करताना मुलाचा जन्मदाखला द्यावा लागतो आणि त्यावर आईचे नाव असावे लागते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, तर अनेकदा पाळण्यातले नावही बदलले जायचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुसुम, लग्नानंतर सुनंदा, मुलाच्या जन्माच्या नोंदीत घरच्यांनी सांगितलेले तिसरेच नाव आणि पासपोर्टवर आधारकार्डावरचे स्पेलिंग. घरात हे सगळे एकच माणूस असते. अधिकाऱ्यासमोर त्या तीन बायका असतात.

जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. ते नाव पालिकेत जाऊन घालून घ्यावे लागते. नोंदच सापडत नसेल, तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचे कागद आणि तो जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. ते आठवणारे काका-मावशी आता सत्तरीत आहेत, हेही लक्षात ठेवलेले बरे.

वडील एकटे राहिले असतील तर एक कागद वाढतो. वडिलांसाठी अर्ज करताना मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर आई-वडिलांच्या विवाहाचा पुरावाही द्यावा लागतो. सत्तरच्या दशकातली कितीतरी लग्ने मांडवात लागली, नोंदणी कार्यालयात नाही. दोघे असताना हा दाखला मिळवणे सोपे असते, एकटा राहिल्यावर तितकेच जिकिरीचे. परदेशी मुलांनी पुढच्या सुट्टीत महाबळेश्वरचा एक दिवस कमी करून पालिकेत घालवला, तर पुढचे काही महिने वाचतील.

सहा महिन्यांची पाहुणी

नागरिकत्व नसलेल्यांकडे उरतो बी-२ हा पर्यटक व्हिसा. तो दहा वर्षांचा मिळतो, म्हणून दहा वर्षे राहता येते असा समज होतो. प्रत्यक्षात दर वेळी किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते बहुधा सहा महिने असतात. मुदतवाढीचा अर्ज करता येतो. परवानगीशिवाय १८० दिवसांहून जास्त काळ राहून बाहेर पडले, तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिले, तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते. ‘नातवाच्या मुंजीपर्यंत थांब’ या आग्रहाची ही किंमत आहे.

पाहुण्यांसाठीच्या आरोग्य विम्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार यांचे नेहमीचे उपचार अशा पॉलिसीत सहसा नसतात. असलेच तर अचानक उद्भवलेल्या त्रासापुरते असतात. नव्याने एकट्या झालेल्या सत्तरीच्या बाईची झोप आणि साखर दोन्ही बिघडलेली असते. पहिल्याच महिन्यात तिला विमानात बसवणे हे प्रेम असले, तरी घाई आहे.

बाकीचे देश काय म्हणतात?

या बाबतीत कॅनडा थोडा समजूतदार आहे. तिथल्या सुपर व्हिसासाठी मुलगा किंवा नातू नागरिक असण्याची अट नाही, कायम रहिवासी असला तरी चालते. २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी आणि मुलाच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. कायमच्या वास्तव्यासाठी पालक-आजीआजोबा योजना आहे, पण तिची निमंत्रणे २०२५ पर्यंत २०२० साली नावे नोंदवलेल्यांमधूनच काढली गेली. त्यानंतर ज्यांचे वडील गेले, त्यांनी काय करायचे याचे उत्तर त्या योजनेत नाही. शिवाय क्यूबेक वगळता मुलाला २० वर्षांच्या आर्थिक जबाबदारीची हमी द्यावी लागते.

ब्रिटनचा नियम वाचून हसावे की रडावे कळत नाही. २०१२ पासून तिथे आईला कायमचे न्यायचे असेल, तर तिला आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ मदतीची गरज असावी लागते आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. पुण्यात पैसे मोजले की चोवीस तासांची बाई मिळते. मुलगा जितका चांगला कमावतो, तितका आईचा अर्ज कमजोर होतो. एकटेपणा हा त्या नियमात आजार धरलेला नाही.

ऑस्ट्रेलियात साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांहून लांब आहे. पैसे भरून लवकर मिळणाऱ्या ‘कॉन्ट्रिब्युटरी’ व्हिसाचे शुल्क माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे आणि त्यालाही आता अनेक वर्षे लागतात. वर निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहत असावीत, ही अट. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर निवास परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणण्याची मुभा दिली, पण त्या वयात तिथला आरोग्य विमा मिळवणे हीच मोठी परीक्षा ठरते. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पासवरचा पगार महिना १२ हजार सिंगापूर डॉलर असेल, तर आईसाठी दीर्घ मुदतीचा पास मागता येतो. तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की आईचा पासही जातो.

ग्रीनकार्ड मिळाले, आता राहायचे कुठे?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या आईला ‘उन्हाळा तिकडे, थंडी पुण्यात’ असे आयुष्य हवे आहे, तिच्यासाठी ग्रीनकार्ड हा चुकीचा कागद आहे. ते कार्ड अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले तर प्रश्न विचारले जातात, रीएंट्री परमिटशिवाय वर्षाहून जास्त राहिले तर कार्डच धोक्यात येते. ये-जा करायची असेल, तर पर्यटक व्हिसा प्रामाणिक आहे.

पैशांचा भागही मुलांना उशिरा कळतो. पासष्टी ओलांडलेल्या ग्रीनकार्डधारकाला मेडिकेअर घेण्याआधी पाच वर्षे सलग अमेरिकेत राहावे लागते. तिथे नोकरी केलेली नसल्याने त्यानंतरही हप्ते भरावेच लागतात. तोपर्यंत खासगी विमा, आणि तो स्वस्त नाही. आय-८६४ या हमीपत्रावर मुलगा सही करतो तेव्हा आईचे उत्पन्न गरिबीच्या सरकारी रेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, असे तो कायदेशीर वचन देतो.

आईच्या ठेवींकडेही अमेरिकेचे लक्ष जाते. ग्रीनकार्ड घेतले की जगभरातले उत्पन्न तिथल्या करविवरणात दाखवावे लागते आणि परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली, तर वेगळी माहिती द्यावी लागते. वडिलांनी सहकारी बँकेत ठेवलेल्या चार एफडी मिळून हा आकडा सहज ओलांडतात. भारतातले बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू असेल, तर दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून कसा पाठवायचा, हे निघण्याआधीच कोषागारात किंवा बँकेत विचारून ठेवावे.

आणि घर. निदान दोन वर्षे ते विकू नये. सोसायटीचे भागपत्र आधी आईच्या नावावर करावे, नुसत्या नामनिर्देशनावर विसंबू नये. चावी तिच्याकडे राहू द्यावी. न्यू जर्सीच्या उपनगरात तिला गाडी चालवता येणार नाही, दुपारी घरात कुणी नसेल, महाराष्ट्र मंडळाचा गणपती वर्षातून एकदा येईल. काही आया तिथे रमतात, नातवंडांना मराठी शिकवतात, ग्रंथालयात जाऊ लागतात. काही जणी तिसऱ्या महिन्यात परतीची तारीख मोजू लागतात. परत यायला घर आहे, हे माहीत असलेली आई मोकळेपणाने खरे काय ते सांगते. घर विकलेली आई ‘इथे छान आहे’ असेच म्हणते, कारण दुसरे उत्तर द्यायला तिच्याकडे जागा उरलेली नसते.

अर्ज भरणारा मुलगा असतो, फी भरणारा मुलगा असतो, कागद अपलोड करणाराही तोच. मुंबईतल्या मुलाखतीच्या खिडकीसमोर मात्र आई उभी असते आणि तिथे कुठे राहणार, कुणाबरोबर, हे तिलाच विचारले जाते. बऱ्याच घरांत हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलेलाच नसतो.