शिकारीचं बोलावणं आलं तर

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बझारच्या जुन्या मराठी घरांतली मंडळी आणि गच्चीबावली, कोंडापूर, मियापूरला नोकरीसाठी आलेली तरुण पोरं, दोघांनाही हे सांगणं आहे. हैदराबादेत राहिलं की कधी ना कधी असं बोलावणं कानावर येतं. कुणाच्या ओळखीतला कुणी सांगतो, शहराबाहेर दोन-तीन तासांवर फार्महाऊस आहे, रात्री जीपने निघायचं, सोबत गावचा माहीतगार माणूस, बंदूक त्यांची, खाणंपिणं त्यांचं. "आओ मियाँ, हिरन का गोश्त खिलाते." कधी नुसतं जेवणाचंच आमंत्रण असतं. दोन्हींना उत्तर एकच द्या: जायचं नाही. पण बोलावणाऱ्याकडे सबबी तयार असतात आणि त्या ऐकायला गोड लागतात. म्हणून त्या एकेक करून तपासू.

पहिली सबब: "परवाना काढलाय, काळजी नको." असा परवाना भारतात मिळतच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला, तेव्हा त्यातसुद्धा परवान्याच्या शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आज हौस म्हणून हरीण मारायचा परवाना कुठलाही वनाधिकारी देऊ शकत नाही. माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर किंवा उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर, अशा मोजक्या कारणांसाठी वरिष्ठ वनाधिकारी लेखी आदेश काढतात, तोही नेमून दिलेल्या माणसासाठी आणि कारण नोंदवून. त्या आदेशावर पाहुण्यांची सहल निघत नाही. तेव्हा 'गाईड'सह शिकार असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करून घेतोय, आणि वर पैसेही तुमच्याचकडून घेतोय.

दुसरी सबब: "तुम्ही फक्त सोबत या, बंदूक आम्ही चालवू." कायद्यात शिकारीची व्याख्या ऐसपैस आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाका घालून सावज पुढे काढणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. मदत करणाऱ्यालाही शिक्षा तीच. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारलं, किंवा अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात कुठल्याही जनावराची शिकार केली, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहे. जंगलाबाहेर, शेतात मारलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी जप्त होते ती वेगळीच. आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या पोरांनी एवढंच लक्षात घ्यावं की असा गुन्हा नावावर लागला की पासपोर्टपासून व्हिसापर्यंत प्रत्येक अर्जात तो आडवा येतो.

या खटल्यांचं पुढे काय होतं, तेही पाहा. जोधपूरजवळच्या कांकाणी गावातलं काळवीट प्रकरण ऑक्टोबर १९९८ मधलं. सलमान खानला कनिष्ठ न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती एप्रिल २०१८ मध्ये. त्यावर अपील झालं, जामीन मिळाला. पण जवळजवळ वीस वर्षं एवढा मोठा नट कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला, कारण तिथल्या बिश्नोई मंडळींनी तक्रार सोडली नाही. त्याच्यापाशी वकिलांची फौज होती. आपल्यापाशी काय आहे?

तिसरी सबब: "मारलं दुसऱ्यानेच, आपण फक्त जेवायचं." शिकारीचं मटण जवळ बाळगणं, विकत घेणं हाही गुन्हा आहे. सापडल्यावर ते आपल्या ताब्यात बेकायदा नव्हतं, हे आपणच सिद्ध करायचं असतं. आणि शिजवल्यावर कोण ओळखणार, या भ्रमात कुणी राहू नये. आपल्याच शहरात अत्तापूरला सीसीएमबीची 'लॅकोन्स' ही प्रयोगशाळा आहे. केस, रक्त, कातडं, एवढंच काय शिजलेल्या मांसाच्या तुकड्यावरून जनावर कोणतं हे तिथे डीएनए तपासून सांगतात. देशभरातून जप्तीचे नमुने तपासणीसाठी तिथे येतात. म्हणजे ज्या शहरात तुम्ही तो रस्सा ओरपणार, त्याच शहरात त्याचा पुरावा तयार होतो.

चौथी सबब सगळ्यांत लाडकी: "हा तर इथला नवाबी शौक, परंपरा आहे." परंपरा होती, नाकारत नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान नावाजलेले शिकारी होते आणि त्यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्या शिकारछावण्यांची छायाचित्रं काढून ठेवली आहेत. आपल्या मराठी मुलखातही कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. पुढे काय झालं? या देशातून चित्ता संपला. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. हैदराबादची शिकारगाहं कुठे गेली, हेही बघा. विजयवाडा रस्त्यावरचं महावीर हरिण वनस्थळी हे एके काळचं निजामांचं शिकारीचं रान. महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाणशताब्दीच्या वेळी, १९७५ मध्ये, तिथे हरणांसाठी राखीव रान झालं. मेदकजवळचं पोचारम हेही निजामांचंच शिकारीचं रान, १९५२ पासून ते अभयारण्य आहे. परंपरा चालवायची असेल तर ही चालवा. राजांनी सोडलेलं काम आपण का उकरून काढायचं?

आणि आज रात्री जीपमधून जे चालतं, त्याला जुने शिकारीसुद्धा शिकार म्हणाले नसते. परवान्याच्या काळातही कायद्याने गाडीतून, दिव्याच्या उजेडात, सूर्यास्तानंतर, पाणवठ्यावर मारायला मनाई होती. कारण उघड आहे. बॅटरीचा झोत अंगावर पडला की चितळ पळत नाही, थबकतं. अंधारात बंदूकवाल्याला दिसतात ते नुसते दोन चमकते डोळे. तो नर आहे की मादी, ती पोटुशी आहे की तिचं पाडस गवतात दडून बसलंय, हे त्याला कळत नाही आणि त्याला कळून घ्यायचंही नसतं. चितळांना जवळपास वर्षभर पाडसं होतात, त्यामुळे निर्धोक असा महिनाही नसतो. छर्रे लागून जखमी झालेलं जनावर झुडपात शिरतं. रात्री त्याच्या मागावर कोण जाणार? ते दोन दिवसांनी मरतं आणि कुणाच्याच हिशेबात येत नाही. यात ना कसब, ना जोखीम, ना मर्दुमकी.

पाचवी सबब अमेरिकेतून येते. मुलगा, भाचा, पुतण्या तिकडे असतो. तो सांगतो, इथे तर पैसे भरून, परवाना काढून सगळे जातात, मग तुमच्याकडेच काय एवढं? त्याचं म्हणणं तिथल्यापुरतं खरं आहे. मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागराच्या काठी डॉर्चेस्टर परगण्यात मैलोनमैल खाजण पसरलंय. त्या दलदलीत सिका जातीची हरणं आहेत, मूळची पूर्व आशियातली. १९१६ मध्ये तिथल्या जेम्स बेटावर थोडी सोडली होती, ती पसरली. आता हंगामात लोक माहीतगार घेऊन, उंच बूट घालून त्या चिखलात उतरतात. पण तिथली घडी समजून घ्या. लांडगे आणि प्यूमा त्या भागातून केव्हाच नाहीसे झालेत, हरणांना खाणारं मोठं जनावर उरलेलं नाही. कुणी, कधी, किती मारायची ते राज्य ठरवतं आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद द्यावी लागते. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. आणि महत्त्वाचं म्हणजे रानात मारलेल्या हरणाचं मटण तिथेही सर्रास विकता येत नाही.

आपल्याकडे यातलं काय आहे? अमराबाद आणि कवालच्या जंगलात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. चितळ हे त्यांचं रोजचं अन्न. ते आपण पळवलं की बिबट्या वाडीवरच्या शेळ्यांकडे वळतो आणि मग त्याचा दोष बिबट्यावर येतो. अमेरिकेतल्या मुलांनाही एक सांगून ठेवा. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राच्या हातची बंदूक गंमत म्हणून घेण्याआधी वकिलाला विचारा. आणि येताना आठवण म्हणून शिंगं पेटीत भरून आणू नका, विमानतळावर ती गंमत राहत नाही.

एक तक्रार मात्र सबब नाही, ती खरी आहे. लातूर, नांदेड, धाराशिव, बीदरकडे ज्यांची शेती आहे, त्यांच्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंड्यांवर हरणांचे कळप पडतात. रात्रभर जागूनही पीक हाती लागत नाही. अशा शेतकऱ्याला शहरातल्या माणसाने प्राणिप्रेमावर प्रवचन देऊ नये. पण त्याच्या अडचणीवर शहरातली बंदूक हा उपाय नाही. दोन हरणं पडली म्हणून कळप जात नाही, आणि गुन्हा नोंदला गेला तर ज्याच्या शिवारात तो घडला त्या शेतकऱ्याच्याच दारात वनखातं आधी पोचतं. पिकाची नुकसानभरपाई मागण्याची सोय आहे. नुकसान दिसताक्षणी फोटो काढा, लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणं तर कुणीच करू नये. त्या तारेला हरीण चिकटतं, तसा पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही चिकटतो.

जुन्या घरांसाठी थोडं वेगळं सांगणं. जहागिरदारीच्या काळातली काळविटाची मुंडकी, चितळाची शिंगं, कातडी अजून काही दिवाणखान्यांत टांगलेली असतात. त्यांचं मालकी प्रमाणपत्र घरात आहे का, ते आजच शोधा. अशा वस्तू वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ शकतात, पण विकता येत नाहीत, ऑनलाइन जाहिरातीत तर मुळीच टाकू नका. प्रमाणपत्र आहे पण वस्तू नकोशी झाली असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती वनखात्याच्या स्वाधीन करता येते. मोबदला मिळत नाही, पण डोक्यावरचं ओझं जातं. प्रमाणपत्रच नसेल तर गप्प बसण्यापेक्षा वकिलाचा सल्ला घेऊन पुढे जा. रानात गळून पडलेलं चितळाचं शिंग सापडलं तर तेही उचलून आणू नका, त्याची मालकी सरकारची.

आता, रानाची ओढ असेल तर ती कशी भागवायची? हैदराबादकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. वनस्थळीत सकाळी लवकर जा आणि एकाच काळविटाच्या मागे नजर ठेवून अर्धा तास उभे राहा. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगांना मळसूत्रासारखा पीळ. दुसरा नर जवळ आला की हा मान वर करतो, शिंगं पाठीकडे झुकवतो आणि ताठ पावलं टाकत चालतो. भांडण बहुधा तेवढ्या चालीवरच मिटतं. पोचारमला चितळं दिसतात. अमराबादला फरहाबादच्या बाजूने वनखात्याची सफारी आहे. नागपूरकडे जाताना यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर वाटेवर आहे, नगरकडे गेलात तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी खास काळविटांचं.

आणि खाजणातच उतरायचं असेल, तर नाशिक, पैठण, नांदेडवरून आलेली आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगा आहे. खारफुटीतून लाकडी पायवाट काढलीय, खाडीत होडीने फिरता येतं, नशिबात असेल तर पाणमांजर दिसतं. समुद्रकाठच्या दलदलीशेजारी चरणारी काळविटं पाहायची असतील तर तमिळनाडूत कोडियक्कराई आहे, हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवेही उतरतात. या सगळ्या ठिकाणी माहीतगार गावकरी सोबत घ्या आणि त्याला चांगले पैसे द्या. जनावर जिवंत असण्यात त्याला कमाई दिसली, तर जंगलाला त्याच्यासारखा राखणदार दुसरा नाही.

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये हैदराबाद विद्यापीठालगत कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर बुलडोझर चालले, तेव्हा आपण सगळे हळहळलो. विद्यार्थी रस्त्यावर आले, ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने झाडांची तोड थांबवली. त्या आठवड्यात आपल्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर हरणांचे फोटो फिरत होते. तीच माणसं शनिवारी रात्री हरणाच्या मटणाला बसणार असतील, तर त्या हळहळीला काय अर्थ उरला?

तेव्हा मंडळी, एवढं करा. बोलावणं आलं तर तोंडावर नाही म्हणा, आजारपणाचं कारण सांगून वेळ मारून नेऊ नका, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला विचारणार नाहीत आणि दुसऱ्यांनाही विचारताना बिचकतील. असं मटण, शिंग, कातडं विकायला आलं तर घेऊ नका. कुठे फास, विजेची तार, रात्री रानात फिरणारी झोतवाली गाडी दिसली तर स्वतः अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ टिपून घ्या आणि तेलंगणात ११२ वर किंवा जवळच्या वनकार्यालयात कळवा, महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर. आणि घरातल्या पोरांशी या विषयावर आजच बोला, कारण पुढचं बोलावणं बहुधा त्यांनाच येणार आहे.